उजवा पाय, डावा हात

१४ ऑगस्ट १९९९

संध्याकाळी दिपक आला. शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकला, आता बँकेत आहे आणि आमच्या नाट्यमंडळाचं सगळं तोच पाहतो. म्हणाला, ‘बारवेवरची चंद्रा’ पुन्हा बसवायचं. आजवर आपण परभणी जिल्ह्यातली एक तालुक्याची मंडळी म्हणून स्पर्धेला जायचो. आता हिंगोली स्वतःच जिल्हा झाली, तर पहिल्या वर्षी आपलंच जुनं, गाजलेलं नाटक न्यायचं.

त्याचा चहा संपायच्या आत मी ट्रंक उघडून चंद्राची हिरवी इरकल बाहेर काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि आठ वर्षं गळून पडली. चौऱ्याऐंशी ते एक्क्याण्णव, अकरा प्रयोग. अभिनयाचं प्रशस्तिपत्र अजून बैठकीत लावलेलं आहे. ट्रंकेपाशी खाली बसले होते ती उठताना कपाट धरावं लागलं. दिपक चटकन पुढे आला आणि म्हणाला, “बाई, सावकाश.” मोठी झाली की पोरं किती परक्यासारखी वागतात.

काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा तो दारात दोनदा थांबला. अर्धं बिस्कीट बशीत तसंच ठेवून गेला.

१९ ऑगस्ट

चंद्रा मी नाही.

चंद्रा करणार शिवकन्या. बसस्टँडजवळ एसटीडी बूथ चालवते ती. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, पंचविशीची मुलगी. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. अपंगांच्या कोट्यातून तिला तो बूथ मिळाला आहे. पुण्याला लेकीशी बोलायला मी दर रविवारी तिच्याकडेच जाते. काचेच्या पलीकडून ती हसायची, मीही हसायचे. त्या हसण्यामागे हे होतं तर.

दिपकला विचारलं, तिनं आजवर काय केलंय? म्हणाला, पल्स पोलिओचं पथनाट्य. त्यात ती शेवटी पुढे येऊन आपला पाय दाखवते आणि बाया रडतात. मी म्हटलं, पाय दाखवणं हा अभिनय नाही.

तो म्हणाला, “बाई, हल्ली तसं नाही राहिलं. जो अपंग आहे त्याचं काम त्यानंच का करू नये? तिला लंगडण्याचा अभिनय करावाच लागणार नाही.”

“मग ती करणार काय?” मी विचारलं.

मला सासूचं काम देऊ केलं आहे. सबंध नाटकभर खाटेवर बसून. “बसून आहे, बाई,” असं त्यानं दोनदा सांगितलं, जणू काही बसणं हे बक्षीस आहे.

२० ऑगस्ट

हे म्हणाले, सासू तर सासू, तेवढाच तुझ्या गुडघ्याला आराम. माझ्या गुडघ्याला काय झालंय? इतकी वर्षं चंद्राचा उजवा पाय ओढला, ती चाल थोडी अंगात मुरली असेल, इतकंच. जेवले नाही.

२३ ऑगस्ट

आज ग्रेसीची फार आठवण आली.

बाबा रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला. मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. लांबलचक डॉर्मिटरी, पांढऱ्या चादरी, रविवारी मटण आणि पावाचं पुडिंग. ग्रेसी माझ्या शेजारच्या कॉटवर. तिचा डावा पाय लुळा होता. चालताना डावा हात डाव्या मांडीवर दाबून ती तो पाय पुढे टाकायची. वर्गाच्या फोटोत ती कायम पहिल्या ओळीत खुर्चीवर, घोट्यापर्यंत स्कर्ट. फोटोत कुणाला काही कळायचं नाही.

सातवीत गॅदरिंगला एका पांगळ्या मुलीची गोष्ट बसवली. ते काम सिस्टरनी मला दिलं. ग्रेसी किती गोड, तिनंच मला चालायला शिकवलं. जेवणाच्या सुटीत कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभी राहायची आणि एकेक पाऊल टाकून दाखवायची. मी समोरून तिचं पाहून तसंच करायचे. हात विसरले की ओरडायची, “लेफ्ट हँड! लेफ्ट हँड!” कार्यक्रमात ती विंगेत स्टुलावर बसून होती, हातात संहिता. माझी पहिली प्रॉम्प्टर. टाळ्या पडल्या तेव्हा मी विंगेत पाहिलं. ती संहितेत डोकं घालून होती, शेवट झाला तरी. इतकी मन लावून काम करायची.

चंद्राची चाल म्हणजे ग्रेसीची चाल. आणि आता ती एका एसटीडी बूथवालीला द्यायची.

२ सप्टेंबर

पहिली तालीम, नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. मी सासूचं काम घेतलं. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईंना पोटात दुखलं.

शिवकन्या आली ती सरळ चालत आली, भराभर. पाय किडकिडा, हात मांडीवर, पण त्या चालण्यात एक ताल आहे. पाहणाऱ्याला वाटावं, बाईला घाई आहे, एवढंच. दुसऱ्या अंकातला प्रवेश केला. चंद्रा बारवेच्या पायऱ्यांवरून पडून पांगळी झाली आहे, नवरा दुसरी बायको आणायला निघाला आहे आणि ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहते, असा तो प्रवेश. शिवकन्या चार पावलांत जाऊन उभीसुद्धा राहिली.

हार्मोनियमवाला म्हणाला, “लंगडी वाटून न्हाई राहिली.”

दिपक म्हणाला, “शिवकन्या, जरा अजून लंगड बरं.”

ती म्हणाली, “याच्याहून जास्ती लंगडले तर मी पडते, सर.”

मग सगळे माझ्याकडे वळले. बाई, एकदा दाखवा ना. मी आधी नको म्हटलं. मग पदर खोचला. उजवा पाय ओढत, डावा हात मांडीवर ठेवून, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. टाळ्या पडल्या. घरी येऊन आयोडेक्स लावलं, पण मन कसं हलकं होतं.

ती मात्र टाळ्या वाजवत नव्हती. माझ्या पायाकडे पाही, हाताकडे पाही, पुन्हा पायाकडे. मग तिनं विचारलं, बाई, हे कुणाचं पाहून शिकल्या? मी ग्रेसीचं सांगितलं.

९ सप्टेंबर

आज मी एक साधी गोष्ट दिपकच्या लक्षात आणून दिली. पहिल्या अंकात चंद्रा धडधाकट आहे. नवी नवरी. घागर घेऊन बारवेवर जाते, येते, नवऱ्याला हुलकावणी देते. सगळ्या मंडळींसमोर मी शांतपणे विचारलं, “दुसऱ्या अंकात लंगडण्याचा अभिनय नको, मान्य. पहिल्या अंकात चालण्याचा अभिनय कोण करणार? चंद्रा सात वेळा रंगमंच ओलांडते. मी मोजलंय.”

दिपक बघतो म्हणाला.

परमेश्वर क्षमा करो, पण शाळेत सिस्टर वर्गासमोर मला बोलावून मदर मेरीचं चित्र बक्षीस द्यायच्या, तेव्हा छातीत जे व्हायचं ते झालं. शिवकन्या कोपऱ्यात चप्पल घालत होती. तिला एक चप्पल घालायला वेळ लागतो, दुसरी पटकन जाते. मी पाहिलं आणि नजर वळवली.

१५ सप्टेंबर

दिपक आला नाही. इरकल उन्हात दिली. काठ अजून जसाच्या तसा आहे. ब्लाउज मात्र उसवून घ्यावा लागेल.

२१ सप्टेंबर

आज दुपारी दिपक येईल असं वाटत होतं. आली ती शिवकन्या.

बूथवर बहिणीला बसवून आली होती. चहा नको, पाणी चालेल म्हणाली. वाटलं, काम सोडते म्हणून सांगायला आली असेल. मी मनात वाक्यसुद्धा तयार केलं, अगं, वाईट वाटून घेऊ नकोस.

ती म्हणाली, “बाई, पहिल्या अंकाचं तुमी बराबर बोलल्या. म्हणून तुमच्याकडेच आले. मी चालते असं लोकायला वाटलं पाहिजे. ते मला येतं. फक्त स्टेजवर कुठं काय धरावं ते मला म्हाईत न्हाई. तुमाला तिथली फळी न् फळी म्हाईत हाय.”

मी विचारलं, तुला येतं म्हणजे?

मग तिनं सांगितलं. तांड्यावर पाहुणे तिला पाहायला यायचे तेव्हा तिची याडी, म्हणजे आई, तिला आधीच चुलीपाशी बसवून ठेवायची. हाताशी पाणी, हाताशी कप. वाकून द्यायचं, सरकून घ्यायचं, मेढीला टेकून उभं राहायचं. घागरा पायघोळ. एका डावाला तर सुपारीच फुटायची बाकी होती. “मग त्यांच्यातल्या म्हातारीनं उन्हातलं धोतर आणाय सांगितलं. गेले आणायला. धोतर आलं अन् लगीन गेलं.” आणि हसली. मला हसू आलं नाही, पण ती इतकी हसली की शेवटी मीही हसले.

कॅलेंडरचं उलटं पान घेऊन मी तिला रंगमंच काढून दिला. बारवेचा कठडा इकडे, रहाटाचा खांब इथे. घागर आधीच पहिल्या पायरीवर ठेवायची. नवऱ्याला हुलकावणी देताना पळायचं नाही, त्यालाच खांबाभोवती फिरवायचं. लोकांची नजर पळणाऱ्याकडे जाते, उभ्याकडे नाही. बायकांचा फेर आहे त्यात दोन्हीकडून हात धरलेले असतात, तिथे तिला मध्ये घ्यायचं. सातपैकी सहा वेळा रंगमंच ओलांडायची गरजच उरली नाही. आणि सातव्यांदा ती पडते.

हे सगळं मी का सांगितलं, मला कळत नाही. बहुतेक, तिला जमणार नाही याची मला खात्री होती.

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, “बाई, त्या ग्रेसीला काहून न्हाई दिलं ते काम?”

मी म्हटलं, तिला स्टेजच्या पायऱ्या चढता आल्या नसत्या, सिस्टरच तसं म्हणाल्या होत्या.

“मंग इंगेत कशा गेल्या त्या? इंग बी वरच असते.”

मी पेला उचलला आणि आत ठेवून आले. बाहेर आले तर ती चप्पल घालत होती. खाली पाहतच म्हणाली, “अजून एक सांगू? राग नका मानू. तुमी पाय उजवा वढता अन् हात डाव्या मांडीवर ठेवता. ज्या पायाला तकलीफ, हात त्यालाच लागतो. दुसऱ्याला हात ठेवून काय फायदा?”

ती गेल्यावर आरशासमोर उभी राहिले. ग्रेसी समोर उभी, तिचा डावा तो माझा उजवा. आणि ती ओरडतेय, लेफ्ट हँड, लेफ्ट हँड. पाय मी पाहून घेतला, हात ऐकून. अकरा प्रयोग. एक प्रशस्तिपत्र. एकाही माणसाला कळलं नाही. आणि या मुलीला पहिल्याच दिवशी, मी हॉलच्या मध्यावर पोचायच्या आत.

१० ऑक्टोबर

पहिला अंक बसला. मी खाटेवरून पाहत होते. कॅलेंडरच्या पानावर जे काढून दिलं त्याच्या पुढे ती गेली आहे. घागर कमरेवर घेऊन खांबाला टेकते तेव्हा वाटतं, आत्ता पळेल, आत्ता पळेल. ती पळत नाही आणि आपण मात्र ती पळाली असं समजून बसतो. मी चंद्रा करताना पळायचे. खूप पळायचे.

शाळेचा शिपाई नवीन आहे. तो दाराशी उभा राहून तालीम पाहत होता. चहाच्या वेळी शिवकन्या बाहेर आली तर तिला म्हणाला, “ताई, पाय मुरगळला का?”

सगळे खो खो हसले. ती तर भिंतीला धरून हसली. माझं काम पाहून असं कुणी कधी फसलं नव्हतं. लोक मला म्हणायचे, बाई, काय हुबेहूब करता. हुबेहूब म्हणजे लोकांना माहीत होतं की मी करते आहे.

२ नोव्हेंबर

जनकाबाई कामाला आली की आधी गुडघ्याला तेल लावून देते. यंदा थंडी लवकर आली. हे म्हणतात, डॉक्टरला दाखव. फोटो काढतील, म्हातारपण लिहून देतील. नको.

दिपकनं तालमीत माझ्या खाटेखाली विटा लावून ती उंच केली आहे. म्हणतो, मागच्या प्रेक्षकांना सासू दिसायला हवी. उठायला बरं पडतं, पण त्याच्या डोक्यात ते नसणार.

२७ नोव्हेंबर, परभणी

प्रयोग झाला. स्पर्धेचं केंद्र अजून परभणीच. पहिल्या अंकात पडायच्या वेळी बारवेच्या तिसऱ्या पायरीवर ती आली, हात कठड्यावर, तेव्हा मी खाटेवर बसून देवाकडे एक गोष्ट मागितली. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही. देवानं ऐकलं नाही.

दुसऱ्या अंकात ती नवऱ्याच्या वाटेत गेली ती आपल्याच चालीनं. दिपकनं अलीकडे तिला अजून लंगड म्हणणं सोडून दिलं आहे. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, ते मला वर ऐकू आलं. “अगं बाई, आता ही चालंल कशी?” तिला अजून पहिल्या अंकातली चंद्रा दिसत होती.

२९ नोव्हेंबर

आज निकाल. काल रात्रीच घरी आलो होतो, पहाटे पुन्हा जीपनं परभणीला. अडीच तास गुडघा मुडपून. शिवकन्या माझ्या शेजारी बसली होती. वाटेत तिनं आपली शाल घडी करून माझ्या पायाखाली दिली. मी नको म्हटलं, तरी दिली.

मुख्य परीक्षक मुंबईचे, सत्तरीचे, पांढरेशुभ्र कपडे. माईकवर त्यांनी एकेका नाटकाचे गुणदोष सांगितले. आमच्या नाटकाला नेपथ्याचं बक्षीस. मग म्हणाले, चंद्राचं काम करणाऱ्या मुलीचा पहिला अंक फार मोकळा होता, अवखळ होता. “पण दुसऱ्या अंकात ती जी लंगडते, ते खोटं वाटतं. वरवरचं वाटतं. या कलावतीनं एखाद्या खऱ्या अपंग स्त्रीजवळ जाऊन निरीक्षण करायला हवं होतं.”

दिपक अर्धवट उठला. शिवकन्येनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, आता कुनाचं निरीक्षण करू?”

मी इथे खरं लिहायचं ठरवलं आहे. आधी मला आनंद झाला. पूर्ण एक मिनिट. तिला अभिनय येत नाही असं सत्तर वर्षांचा जाणता माणूस माईकवरून म्हणाला आणि मला थंडगार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की तिचा पहिला अंक त्या माणसानं अख्खा गिळला होता. तिनं त्याला इतकं फसवलं की तिचा खरा पायसुद्धा त्याला खोटा दिसला. असं बक्षीस मला कोणी दिलं असतं तर मी भिंतीवर लावलं असतं. आनंद तिथेच जिरला.

परीक्षक अजून बोलत होते. म्हणाले, याच संस्थेचं हेच नाटक त्यांनी एक्क्याण्णव साली पाहिलं होतं. तेव्हा मिराबाई म्हणून एक बाई चंद्रा करत. त्या बाईंचं पांगळेपण ते अजून विसरले नाहीत. खालून कुणीतरी ओरडलं, बाई इथंच आहेत. मग वर बोलावणं. या ना, मिराबाई, नव्या मुलांसाठी दोन पावलं चालून दाखवा.

आठ वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच. उठले. सकाळपासून मुडपलेला उजवा गुडघा सरळच होईना. चौथ्या रांगेतून पुढे येईतो घाम फुटला. स्टेजला चार पायऱ्या, कठडा नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तो वर उचलेना. माझा उजवा हात आपणहून उजव्या मांडीवर गेला. दाबला, तेव्हा शरीर वर आलं. दुसरी पायरीही तशीच.

टाळ्या सुरू झाल्या. आधी थोड्या, मग सबंध नाट्यगृह.

“हे पाहा,” परीक्षक माईकवर म्हणाले, “याला म्हणतात निरीक्षण.”

मी अजून काहीच सुरू केलं नव्हतं.

वर शाल दिली, नारळ दिला, माईक हातात दिला. एक वाक्य पुरलं असतं. ती मुलगी चौथ्या रांगेत बसली आहे, तिला उठून चालायला सांगा, एवढंच. वाक्य तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, “थँक यू.” सिस्टरनी शिकवलं होतं तसं, मान किंचित लववून.

उतरताना शेवटच्या पायरीशी शिवकन्या येऊन उभी होती. तिनं हात पुढे केला. मी धरला. टाळ्या अजून चालू होत्या, त्यामुळे ती काय म्हणाली ते फक्त मला ऐकू आलं.

“बाई, आज हात बराबर पडला.”